चौथा माउस

६ एप्रिल, रविवार

आज आम्ही माझ्यामुळे हरलो. आमचा नायक जोनेल तसे म्हणाला नाही. तो "असू दे रे" म्हणाला आणि खुर्ची मागे सारून उठला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

लिहून काढतो, म्हणजे डोक्यात फिरत राहणार नाही. कॉम्प्युटरवरच्या बंदुकीच्या खेळात आमच्या संघात आम्ही पाचजण. बाकीचे चौघे धावतात, दारे फोडतात. लांब पल्ल्याची, दुर्बिणीची बंदूक माझ्याकडे असते. मी एका जागी बसून नेम धरायचा. समोरचा भिंतीआडून बाहेर येतो, मी पडद्यावरची नेमाची फुली त्याच्या डोक्यावर नेतो, आणि फुली केसभर पुढे जाऊन थांबते. मागे आणावी तर जास्त मागे येते. तेवढ्यात मी मेलेला असतो. पूर्वी हे खपून जात असे, कारण समोरचेही आमच्यासारखेच होते. आता आजूबाजूच्या गावांतली पोरे चांगली खेळू लागली आहेत.

सान होसेच्या सणाच्या आदल्या दिवशी, ३० तारखेला, गावच्या बास्केटबॉल कोर्टात स्पर्धा आहे. सण झाला की जोनेल मनिलाला जाणार आणि तिथून जहाजावर. आम्ही पाचजण लहानपणापासून नांग पेरलाच्या, म्हणजे पेरलाताईच्या, कॉम्प्युटरच्या दुकानात नाणी टाकून खेळत आलो. एकत्र खेळायची ही शेवटची वेळ. आणि तिथे मी नसेन अशी शक्यता आहे, कारण क्लिंट सुट्टीवर घरी आला आहे. तो इलोइलो शहरात नर्सिंग शिकतो, स्वतःचा माउस मखमली पिशवीतून आणतो, आणि त्याचा नेम चुकत नाही.

जोनेल म्हणाला, "२७ तारखेच्या रविवारी बघू. तू आणि क्लिंट, दोघं खेळा. जो बरा तो बसेल. वाईट वाटून घेऊ नकोस, एडमार."

मी म्हटले, "नाही घेत." पण वाटले.

निघताना नांग पेरलाला म्हटले की तुमच्या माउसमुळे माझा नेम चुकतो. ती गल्ल्यामागून ओरडली, "माझे माउस सहा वर्षं चालतायत!"

"म्हणूनच म्हणतो, नांग."

"बघा, तोंड कसं चालतं याचं! नेम तेवढा चालत नाही."

सगळे हसले. जोनेलसुद्धा.

७ एप्रिल, सोमवार

स्वतःचा माउस घ्यायचे ठरवले. पाचशे पेसोंच्या आतला. त्याहून महाग घेतला तर आई विचारेल आणि मला खोटे बोलता येत नाही.

घ्यायच्या आधी फोनवर बरेच व्हिडिओ पाहिले. जे कळले ते असे: डब्यावर डीपीआय म्हणून मोठा आकडा छापतात. हात एक इंच सरकवला तर बाण पडद्यावर किती ठिपके सरकतो, तो हा आकडा. तो मोठा असला म्हणजे माउस चांगला असे नाही. पोटात जो डोळा, म्हणजे सेन्सर, असतो तो चांगला हवा. हाताने जेवढे सांगितले तेवढेच त्याने पडद्यावर करायचे, कमी नाही, जास्त नाही. आम्ही होड्यांवर नावे रंगवतो तेव्हा ब्रशकडूनही एवढीच अपेक्षा असते.

बाजाराच्या टोकाला, आम्ही ज्या किनाऱ्यावर होड्या रंगवतो त्याच्या अगदी समोर, लिझेलची टपरी आहे. फोनची कव्हरे, चार्जर, इअरफोन, माउस. तिओ बेर्तो, म्हणजे माझे काका आणि मालक, जेवायला गेल्यावर मी तिकडे गेलो.

"काय हवंय, पेंटर?" तिने विचारले. मी पेंटर आहे हे तिला माहीत होते.

"अचूक माउस."

"अचूक म्हणजे?"

मी तिला फुलीचे, डोक्याचे, केसभर पुढे जाण्याचे सगळे सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग सात रंगांत उजळणारा एक माउस काढला. "पोरं हाच नेतात. घेऊन जा. नाही पटला तर परत आण."

परत घेणार हे आधीच विचारायला हवे होते. तिने स्वतःहून सांगितले म्हणून बरे झाले.

८ एप्रिल, मंगळवार

पहिला माउस बाद.

मी परीक्षेची माझी पद्धत काढली आहे. कॉम्प्युटरमधल्या चित्रे काढायच्या पानावर माउसने आडवी रेघ ओढायची, आधी हळू, मग भरभर. भरभर ओढताना या माउसचा बाण मध्येच उडी मारून वर गेला. तीन वेळा ओढली, तिन्ही वेळा उडाला. दिवे मात्र सुंदर आहेत.

नांग पेरलाकडे स्वतःचा माउस लावणे सोपे नाही. पूर्वी चोऱ्या झाल्या म्हणून तिने प्रत्येक कॉम्प्युटर लाकडी पेटीत बंद केला आहे. पेटीला उजवीकडे एक भोक पाडून त्यातून माउसची वायर बाहेर काढली आहे आणि आत गाठ मारली आहे. तिने कुरकुर करत मागचे दार उघडले, गाठ सोडली आणि माझी वायर भोकातून ओवली.

"लग्नात नवरीचा पायघोळ पदर सावरावा तसं करताय, नांग," जोनेल म्हणाला.

१० एप्रिल, गुरुवार

लिझेलने काही न विचारता माउस परत घेतला. डब्याला पुन्हा चिकटपट्टी लावली आणि इतकी बेमालूम लावली की नवाच वाटावा. मग दुसरा काढला. व्हिडिओवाले ज्याचे कौतुक करतात तोच. पाठीला उंचवटा, डाव्या अंगाला अंगठा टेकायला खोलगट जागा, पोटातला डोळा चांगला. चारशे ऐंशी.

मी तो हातात धरून पाहत होतो तेव्हा एक कोळी आला. त्याने कालच नेलेला चार्जर परत आणला होता.

"विकलेली वस्तू परत घेत नाही, नोंग," लिझेल त्याला आदराने म्हणाली.

"अगं, पण काल तर नेला!"

"काल विकला, म्हणूनच."

तो बडबडत निघून गेला. चार्जरचे नियम वेगळे असावेत. विजेचा प्रश्न असतो.

१२ एप्रिल, शनिवार

दुसराही बाद. मला फार वाईट वाटते आहे, कारण रेघ सरळ आली होती.

पण मी आणखी एक परीक्षा काढली. टेबलावर खडूने दोन खुणा केल्या. पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत माउस झटकन न्यायचा आणि सावकाश परत आणायचा. हात जिथून निघाला तिथेच परत आला, तर बाणही निघाला तिथेच परत यायला हवा. नाही आला. चार बोटे भरकटला.

म्हणून आज सकाळी तो परत करून तिसरा आणला, बिनवायरचा. संध्याकाळी तोही त्याच परीक्षेत नापास झाला. शिवाय पोटात बॅटरी असल्याने जड आहे.

लिझेल म्हणाली होती, "तू मुलगी बघायला गेलास तर त्या घराचं कठीण आहे."

मी म्हटले, "मुलींना डोळा कोणता बसवलाय ते डब्यावर लिहीत नाहीत."

ती बराच वेळ हसली. मी विनोद केला नव्हता.

१५ एप्रिल, मंगळवार

आज मला लाज वाटावी असे घडले.

मी खडूच्या खुणांवर तिसरा माउस फिरवत होतो. क्लिंट शेजारच्या कॉम्प्युटरवर होता. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ती खूण काढलीस का?"

"कुठली?"

त्याने माझ्या पडद्यावर माउसच्या सेटिंगची पाटी उघडली. तिथे एक चौकोन आहे आणि त्यापुढे लिहिले आहे की बाणाची अचूकता वाढवा. चौकोनात बरोबरची खूण होती. मी ती पहिल्याच दिवशी पाहिली होती. अचूकता वाढवायची नाही असे कोण म्हणेल? मी तिला हात लावला नव्हता.

क्लिंट म्हणाला, "ही असली की हात जोरात नेला तर बाण जास्त पळतो, हळू नेला तर कमी. अंतर तेवढंच असलं तरी. नेमबाजीची वाट लागते."

"मग तिला अचूकता का म्हणतात?"

"मला काय विचारतोस? मी नर्सिंगला आहे."

त्याने खूण काढून टाकली. मी माउस झटकन नेला, सावकाश आणला. बाण जागच्या जागी आला.

नांग पेरलाचे कॉम्प्युटर बंद झाले की सगळे विसरतात. पोरे नको ते भरून ठेवतात म्हणून तिने तशी सोय करून घेतली आहे. त्यामुळे रोज सकाळी ती खूण परत हजर. आमचे अख्खे गाव लहानपणापासून त्या खुणेसह खेळत आले.

क्लिंटला हे मला सांगायची गरज नव्हती. रविवारी आम्ही एकाच खुर्चीसाठी खेळणार आहोत. मी त्याला तसे म्हटले. तो म्हणाला, "मग काय झालं? वाकड्या माउसवर तुला हरवून मला काय मिळणार?" त्यामुळे त्याच्यावर रागावण्याची सोयही राहिली नाही.

१६ एप्रिल, बुधवार

लिझेलला जाऊन सगळे कबूल केले. तुझे दोन माउस मी नाहक बदनाम केले, दोष माझ्या चौकोनाचा होता, असे सांगितले. उद्यापासून पवित्र वार म्हणून आज गर्दी होती, तरी तिने गिऱ्हाइकांना थांबवून ऐकले.

"दुसरा अजून आहे. ठेवलाय," ती म्हणाली आणि गल्ल्याखालून काढला. कुणी मागितला नसेल.

दुपारी नांग पेरलाकडे लावला. खूण काढली. रेघ सरळ. खुणा जुळल्या. मग खेळायला बसलो. फुली केसभर पुढे जाऊन थांबली. मागे आणली, जास्त मागे आली.

तासभर खेळलो. तेच.

म्हणजे माउस चांगला आहे. चौकोन रिकामा आहे. उरलो मी.

जोनेलला सांगून टाकावे का, की क्लिंटलाच बसव? रविवारपर्यंत थांबून सगळ्यांसमोर हरण्यापेक्षा ते बरे दिसेल. पण मग स्पर्धेच्या दिवशी मी कुठे उभा राहणार? मागे? पाणी आणून देणार? पाचजणांच्या पाठी दिसतील आणि मधली क्लिंटची असेल.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार

सकाळी समोरच्या होडीवर नाव टाकत होतो. मालकाला निळ्यावर पांढरी अक्षरे हवी होती आणि दुपारच्या आत हवी होती, कारण उद्या कुणी कामाला हात लावणार नाही. लिझेल टपरी आवरून घरी निघाली होती. ती येऊन मागे उभी राहिली. मी वळणाचे अक्षर ओढत होतो म्हणून बोललो नाही. श्वास सोडताना ओढावे लागते.

अक्षर झाल्यावर ती म्हणाली, "तुझा हात जरासुद्धा हलत नाही."

"हलला तर परत घासावं लागतं."

"मग खेळताना का हलतो?"

"तेच तर कळत नाही."

"पेंटर, ब्रश कुठल्या हातात आहे तुझ्या?"

मी पाहिले. डाव्या. नेहमी डाव्याच असतो. जेवतोही डाव्या हाताने, दगड मारायचो तेही डाव्यानेच. शाळेत शिक्षिकेने दोन वर्षे प्रयत्न करून सोडून दिले.

"आणि माउस?"

"माउस उजवीकडे असतो," मी म्हटले.

"कुणी सांगितलं?"

कुणी सांगितले नव्हते. नांग पेरलाचे भोक उजवीकडे आहे.

"पण सगळेच उजव्या हाताने खेळतात," मी म्हटले.

"सगळे उजव्या हाताने रंगवतात का?"

"तिओ बेर्तो रंगवतात."

"त्यांची अक्षरं बघितलीत मी," ती हळूच म्हणाली. काका चार पावलांवर होते.

तिने टपरी पुन्हा उघडली. दुसरा माउस मी डाव्या हातात धरून पाहिला. अंगठ्याची खोलगट जागा करंगळीखाली आली आणि उंचवटा तळव्यात चुकीच्या ठिकाणी टोचू लागला. तो फक्त उजव्यांसाठी घडवलेला आहे, हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षात आले नव्हते. मग तिने सगळ्यात खालच्या खणातून एक काळा, साधा माउस काढला. दोन्ही बाजूंनी सारखा, साबणाच्या वडीसारखा. दिवे नाहीत. आम्ही दोघांनी डब्यावरचे बारीक छापलेले वाचले. पोटातला डोळा दुसऱ्या माउसचाच. किंमत तीनशे वीस.

"हा कुणी घेत नाही," ती म्हणाली. "चमकत नाही ना."

दुसरा परत करून मी तो घेतला. दुकाने उघडेपर्यंत लावून पाहता येणार नाही, हे घरी आल्यावर लक्षात आले.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

सगळे बंद. मिरवणुकीला जाऊन आलो. नंतर जेवणाच्या टेबलावर डाव्या हाताने बिनजोडलेला माउस फिरवत बसलो. आई म्हणाली, "आजच्या दिवशी तरी?"

"हे खेळणं नाही, आई. काही चालू नाहीये."

"मग काय करतोयस?"

"सवय."

तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि आत गेली.

२१ एप्रिल, सोमवार

भयंकर. माउस डावीकडे म्हणून किबोर्डवरच्या चालायच्या कळा उजव्या हाताला आल्या. मी त्या बाणांच्या कळांवर घेतल्या. पुढे जायचे तर बाजूला जातो. पळायचे तर बसतो. तीन वेळा स्वतःच्याच बॉम्बवर उभा राहिलो. वायर भोकातून काढून किबोर्डच्या मागून फिरवावी लागते. नांग पेरला म्हणाली, "आता माझी पेटीपण उलटी करू का?"

जोनेल शेजारी उभा होता. "रविवार आलाय, एडमार," एवढेच म्हणाला.

पण एक गोष्ट लिहून ठेवतो. एकदा मी चालायचा प्रयत्न सोडून एका खिडकीत नुसता बसलो. लांबवरच्या जिन्यावर एकजण आला. मी फुली नेली आणि ती त्याच्या डोक्यावर जाऊन थांबली. पुढे गेली नाही.

मग मला मागून कुणीतरी मारले, कारण मी आनंदाने बसूनच राहिलो.

२३ एप्रिल, बुधवार

आज चालणे थोडे जमले. लिझेलला सांगायला गेलो. ती म्हणाली, "म्हणजे हा परत येणार नाही?"

"बहुतेक नाही."

"बरं," ती म्हणाली आणि कव्हरे लावू लागली. एक विक्री पक्की झाली तर दुकानदाराला आनंद व्हायला हवा. तिला थकवा आला असावा. सणाच्या आधी माल फार येतो.

२७ एप्रिल, रविवार

क्लिंटने माझ्यापेक्षा जास्तजण टिपले. हे आधी लिहितो, कारण ते खरे आहे.

पण लांबचे सगळे मी टिपले. मोठ्या अंगणापलीकडून, जिथून तो प्रयत्नही करत नाही. जवळ कुणी आला की माझा उजवा हात अजून गडबडतो आणि मी मरतो.

जोनेल नखे खात बसला. बाकीच्या तिघांपैकी दोघे म्हणाले क्लिंट. क्लिंट म्हणाला, "मी पाहुणा आहे, तुम्ही ठरवा." शेवटी जोनेल म्हणाला, "एडमार बसेल. क्लिंट मागे राहील. दर फेरीनंतर बदल करता येतो. नाही जमलं तर बदलू."

नाही जमले तर. म्हणजे मला एक फेरी आहे.

३० एप्रिल, सणाची पूर्वसंध्या

क्रमाने लिहितो.

कोर्टात एक लांब टेबल, त्यावर पाच कॉम्प्युटर शेजारी शेजारी. पेट्या नाहीत, मधल्या फळ्या नाहीत. समोर तसेच दुसरे टेबल. तीन फेऱ्या, दोन जिंकणारा पुढे. पंचाला विचारून मी चौकोनातली खूण काढली आणि कळा बदलल्या. त्याला काही हरकत नव्हती. वायर पुरली. इथपर्यंत सगळे मी ठरवल्याप्रमाणे झाले.

संघनायक डाव्या टोकाला बसतो, कारण पंच तिथे उभा असतो आणि तक्रार त्यानेच करायची असते. सगळ्या गावांत असेच बसतात. म्हणून जोनेल टोकाला, मी त्याच्या उजव्या हाताला.

खेळ सुरू झाला आणि जोनेलचे कोपर माझ्या कोपरावर आदळले.

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्याचा माउस उजवीकडे, माझा डावीकडे, दोन्ही एकाच जागेत. नांग पेरलाकडे मधे फळी असते, म्हणून कधी कळले नाही. मी नेम धरला की तो वळे आणि मला धक्का बसे. तो नेम धरी तेव्हा मी अंग चोरून घेई. मी एकही माणूस टिपला नाही. माझ्यामुळे जोनेलचेही दोन सुटले. फेरी हरलो, तीही वाईट तऱ्हेने.

मागून कुणीतरी ओरडले, "त्या डावखुऱ्याला उठवा!" प्रेक्षक हसले. पंचाने विचारले, "बदल आहे का?"

जोनेल उठून उभा राहिला. त्याने मागे पाहिले. क्लिंटने पिशवीतून माउस काढला होता. मीही माझी वायर काढली आणि हातावर गुंडाळू लागलो. मी जोनेलला म्हटले, "काही हरकत नाही." मला खरेच तसे म्हणायचे होते. त्याला जहाजावर जाताना हरलेला खेळ न्यायला लागू नये असे वाटत होते.

तो म्हणाला, "वायर कशाला गुंडाळतोयस? इकडे ये."

"कुठे?"

"माझ्या खुर्चीत. टोकाला. इथे डावीकडे कुणी नाही, हवं तेवढं कोपर पसर."

"पण नायक टोकाला बसतो."

"नायक बसेल कुठेही. ऊठ, वेळ चाललाय."

पंच म्हणाला, "तुला मला काही सांगायचं असेल तर?"

"ओरडून सांगेन, नोंग. माझा आवाज माझी आई पलीकडच्या बेटावर ऐकते."

आम्ही जागा बदलल्या. कळा, चौकोन, सगळे पुन्हा करावे लागले. जोनेल तोवर पंचाशी मुद्दाम काहीतरी वाद घालत राहिला. क्लिंटने माउस पिशवीत ठेवला आणि माझ्या मागे येऊन म्हणाला, "जिन्याकडे बघ. ते नेहमी जिन्यानेच येतात."

ते जिन्यानेच आले. श्वास सोडला, फुली नेली, थांबली. परत श्वास सोडला. मी किती टिपले ते आठवत नाही. नंतर जोनेलने सांगितले, पण तो फुगवून सांगतो. दुसरी फेरी आम्ही जिंकलो.

तिसरी हरलो. अगदी थोडक्यात. त्यांनी जिना सोडला आणि मागच्या बाजूने आले, आणि जवळच्या माणसाला मारणे मला अजून जमत नाही. क्लिंट असता तर कदाचित जिंकलो असतो. मी हे जोनेलला बोलून दाखवले.

तो म्हणाला, "असेल तुझं बरोबर. पण मग मी जहाजावर बसून काय आठवणार? क्लिंटची पाठ?"

मग त्याने सगळ्यांना भाजलेले मांस खायला नेले आणि गाडीवाल्याला सांगितले की हा आमचा डावखुरा, याला जास्त द्या.

लिझेल पहिल्या रांगेत होती. सणाची पूर्वसंध्या म्हणजे वर्षातला सगळ्यात विक्रीचा दिवस, आणि तिची टपरी बंद होती. हे व्यवहाराला धरून नाही. मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "हो ना, फार नुकसान झालं," आणि माझ्या ताटातला एक तुकडा उचलला.

२ मे, शुक्रवार

जोनेल पहाटेच्या बसने गेला. आम्ही चौघे सोडायला गेलो होतो. क्लिंटही शहराकडे परतला. नांग पेरलाने विचारले, आता नाणी कोण टाकणार? खरे आहे. चौघांचा संघ होत नाही.

दुपारी विचार केला की संघ नाही तर माउस ठेवून काय करू? तो अगदी नव्यासारखा आहे, डबाही जपून ठेवला आहे. लिझेलने आजवर सगळे परत घेतले, हाही घेईल. म्हणून नेऊन दिला.

तिने डबा पाहिला, माझ्याकडे पाहिले. "काय बिघडलं?"

"काही नाही. चांगला आहे. आता लागणार नाही."

"विकलेली वस्तू परत घेत नाही," ती म्हणाली.

मी तिला पहिल्या तीन माउसची आठवण करून दिली. ती म्हणाली तो नियम बदलला. मी विचारले, कधीपासून? ती म्हणाली, आत्तापासून. मी म्हटले, ठीक आहे, दुकान तुझे आहे, आणि डबा उचलून निघालो.

"पेंटर!"

मी वळलो.

"माझ्या टपरीला पाटी नाही, कधी लक्षात आलंय का तुझ्या?"

आले होते. नुसता पत्रा आहे, गंजलेला. मी म्हटले घासून, खालचा रंग देऊन, तिचे नाव छान बसेल. पिवळ्यावर लाल. रोमन लिपीत नावात सहा अक्षरे येतात, एका सकाळचे काम आहे.

"एका सकाळी नको," ती म्हणाली. "रोज एक अक्षर काढ."

"का?"

"रंग नीट वाळायला हवा."

रंग तासाभरात वाळतो हे मी तिला समजावून सांगितले. ती म्हणाली तिच्या टपरीजवळ वाळत नाही, समुद्राची हवा असते. समोरच्याच किनाऱ्यावर आम्ही रोज होड्या रंगवतो आणि तिथे वाळतो, पण मी वाद घातला नाही. तिओ बेर्तो म्हणतात, गिऱ्हाइकाला जसे हवे तसे द्यावे. उद्या सकाळी पहिले अक्षर काढायला जाणार आहे. पत्रा मोठा आहे. नावाखाली 'फोनचे सामान व माउस' असेही लिहावे असे सुचवणार आहे. ती हो म्हणाली तर काम पावसाळ्यापर्यंत चालेल.

माउस घरीच आहे.